खांबेट्यांचं राहिलेलं भाषण

खांबेट्यांनी आमच्या दाराची बेल कधी वाजवली नाही. मधल्या बोटाच्या पेराने ते दारावर दोनदा ठोकत आणि कान पुढे करून थांबत. दार उघडलं की आधी त्यांचा कान दिसायचा, मग चष्मा, मग कपाळावरचा हेल्मेटचा लालसर वळ. तो वळ सुट्टीच्या दिवशीही जायचा नाही. कलिंगड घेताना सगळेच ठोकून बघतात, पण खांबेटे भिंती ठोकायचे, पितळेचे डबे ठोकायचे, बोलता बोलता आमच्या फ्रीजच्या पाठीवर टकटक करायचे. "आतून खातंय हां हे," असं एकदा फ्रीजबद्दल म्हणाले आणि तीन महिन्यांत त्याचा तळ हातात आला. तेव्हापासून आमचे हे त्यांना कुठल्याही महागाच्या वस्तूजवळ बसू देत नसत.

आखातात, हवल्लीतल्या त्या चार मजली इमारतीत आम्ही आठ मराठी बिऱ्हाडं होतो. इराण-इराकची लढाई सुरू व्हायच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, हे एअरकंडिशनिंगच्या कामात, आणि आमची मीनल पाच वर्षांची. आमच्या वरच्या मजल्यावर वसंत खांबेटे आणि त्यांची बायको सुमन. दोघं नाशिकची. खांबेटे मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत गंज तपासायचे. म्हणजे मैलोगणती पाइप, त्यावरून छोटी हातोडी मारत चालायचं, आवाज बदलला की थांबायचं, जाडी मोजायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. रजिस्टरचे रकाने ठरलेले: जागा, काय दिसलं, केव्हापासून, किती, आणि सगळ्यांत शेवटी कारण. "कारण शेवटच्याच रकान्यात लिहायचं असतं, वहिनी," ते मला सांगत. "आधी लिहिलं की डोळे तेवढंच बघतात." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा तरी ऐकलं असेल. पुढे याच सवयीने त्यांचा घात केला.

त्यांना लागलेलं वेड मात्र पाइपांचं नव्हतं. रिफायनरीतला एक म्हातारा इंग्रज देश सोडून निघाला तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. खांबेट्यांनी त्याच्याकडून पत्र्याची एक ट्रंक घेतली, सुमनच्या साड्या नाशिकला पाठवायला. उघडली तर आत पुस्तकं. इंग्रज म्हणाला, ठेव तुलाच. सगळी पुस्तकं जादूटोण्याच्या इतिहासाची! युरोपातल्या चेटकिणी, पारा उकळून सोनं करू बघणारे किमयागार, हरवलेला घोडा कुठे आहे ते कुंडलीवरून सांगणारे ज्योतिषी, टेबलाभोवती हात धरून मेलेल्यांना बोलावणाऱ्या बायका. खांबेट्यांनी त्यातलं एक सहज म्हणून कामाच्या बसमध्ये उघडलं आणि पुढची सहा वर्षं ते बसमध्ये दुसरं काही वाचताना कुणाला दिसले नाहीत. वर सैतानाची चित्रं, म्हणून सगळ्यांना तपकिरी कागदाचं कव्हर आणि कव्हरवर सुबक अक्षरात 'गंज, भाग एक', 'गंज, भाग दोन' असं लिहिलेलं. बसमधल्या पॅलेस्टिनी फोरमनला ते हिंदी-अरबीच्या खिचडीत सांगत, की इंग्लंडच्या राजाने हात लावला की गळ्याच्या गाठी बऱ्या होतात असं लोक मानत, आणि राजेही पिढ्यान् पिढ्या रांगा लावून हात लावत बसत. फोरमन विचारी, "और ठीक होता था?" खांबेटे खुश होऊन म्हणत, "वो लास्ट कॉलम है!"

त्यांनी या सगळ्याचा मराठीत इतिहास लिहायला घेतला होता. कोरी इन्स्पेक्शन रजिस्टरं मिळत, त्यांत. चेटकिणींचे खटले त्यांनी पाइपांसारखेच रकान्यांत मांडले होते: जागा, बाईने काय मागितलं, कुणी नाकारलं, नंतर काय घडलं, कारण. मी एकदा चाळलं. पानामागून पान, गावामागून गाव. बाईने दूध मागितलं. बाईने लोण्याचा गोळा मागितला. बाईने सरपण मागितलं. नाकारलं, नाकारलं, नाकारलं. वासरू मेलं, मूल मेलं, बियर नासली.

त्यांचा स्वभाव थट्टेखोर होता, पण या बायकांची थट्टा त्यांनी कधी केली नाही. आमच्या इमारतीत एका उन्हाळ्यात आम्हा बायकांना प्लँचेटचा नाद लागला होता. वाटी उपडी घालून तिच्यावर बोटं टेकायची आणि आत्म्याला विचारायचं, बदली होईल का, सासूबाई येणार का. वाटी भराभर सरकायची. खांबेटे खाली गुडघ्यांवर बसले, टेबलाला कान लावला आणि म्हणाले, "कुणीही लबाडी करत नाहीये. बोटं तुमचीच ढकलतात, आणि मन अगदी प्रामाणिकपणे म्हणतं, मी नाही. हेच तर भयंकर आहे." आम्ही हसलो. अमेरिकेत म्हणे दोन बहिणींनी पायाच्या बोटांची हाडं कडकड वाजवून अख्ख्या देशाला भुतांचं बोलणं ऐकवलं होतं. "माझ्यासारखा ठोकून ऐकणारा तिथे असता, तर पहिल्याच दिवशी सापडल्या असत्या," हे मात्र ते जरा ऐटीत सांगत.

सगळ्यांत आवडती गोष्ट हॉलंडमधल्या एका लहानशा गावाची. चेटकीण झाडूवर बसून उडते, म्हणजे ती हलकी असणार, असा समज होता. त्या गावात मालाचा एक मोठा तराजू होता. जिच्यावर आळ आला ती बाई लांबलांबून चालत तिथे यायची, तराजूवर उभी राहायची, आणि वजन करणारा तिला सही-शिक्क्याचा कागद द्यायचा: हिचं वजन हिच्या अंगकाठीप्रमाणे योग्य आहे. तो कागद घेऊन ती घरी जायची आणि तिचा जीव वाचायचा. "एक प्रामाणिक माणूस, एक काटा, एक सही," खांबेटे म्हणत. "बास. एवढं पुरतं होतं, वहिनी!" त्यांचे डोळे भरून यायचे. मी समजायचे, चहा गरम आहे.

तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत लीलाबाई राहत. मालवणकडच्या, पंचेचाळिशीच्या, विधवा, एका खाजगी दवाखान्यात नर्स. मुलगी गावाकडे नर्सिंग शिकत होती, तिची दोन वर्षं राहिली होती, आणि त्या दोन वर्षांसाठीच बाई इथे टिकून होत्या. त्यांचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दवाखान्याच्या मालकाच्या हातात. बोलायला ठसकेदार, हसायला मोकळ्या. इमारतीतल्या पोरांना ताप आला की पहिली हाक त्यांना, आणि इंजेक्शन देऊन झालं की त्या मीठ-मोहरी ओवाळूनही टाकत. "दोनीय केलेला बरा," म्हणत. आम्ही मुंबई-पुण्या-नाशिकची मंडळी त्यावर कौतुकाने हसत असू, पण मागून कुणीतरी म्हणेच, कोकणातल्या ना, तिकडे असलं सगळं चालतं. हे मीही म्हटलेलं आहे.

त्या वर्षी सुमनला दिवस गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नाशिकला एकदा गेलेले दिवस राहिले नव्हते, ते इमारतीत फक्त मला ठाऊक होतं, कारण तिचं रक्त माझ्याच लॅबमध्ये आलं होतं. तिचा गट निगेटिव्ह, खांबेट्यांचा पॉझिटिव्ह, आणि पहिल्या वेळेपासून तिच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध द्रव्य तयार झालेलं. डॉक्टरांनी दोघांना बसवून सगळं सांगितलं होतं. धोका आहे, लक्ष ठेवू, बघू. खांबेट्यांनी ऐकलं. सुमनने, मला वाटतं, फक्त 'बघू' ऐकलं.

गणपतीत तिथल्या मराठी मंडळाने खांबेट्यांचं भाषण ठेवलं. एका शाळेचा हॉल, दीडशे माणसं, विषय 'युरोपातील चेटकिणी'. खांबेट्यांनी महिनाभर तयारी केली होती. बोललेही काय सुंदर! संध्याकाळी दारात येणारी म्हातारी, तिने मागितलेलं दूध, घरधनिणीचा नकार, पुटपुटत परत जाणारी तिची पाठ, आणि मग आठ दिवसांनी तडफडणारं वासरू. हॉलमध्ये पाखरू हललं नाही. एकामागून एक गावं त्यांनी अशी उभी केली, आणि चाळिसाव्या मिनिटाला बोरगावकरांनी घंटी वाजवली. बोरगावकर मंडळाचे अध्यक्ष, आमच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर. मागे ऑर्केस्ट्रावाले तबला जुळवत होते. खांबेटे म्हणाले, "पाच मिनिटं. कारण राहिलंय." बोरगावकर हसत माइककडे आले, "खांबेटेसाहेबांनी घाबरवून सोडलं बुवा आम्हाला! उरलेलं पुढच्या वर्षी." टाळ्या पडल्या. खांबेटे हातातले कागद घेऊन व्यासपीठावरच थोडा वेळ उभे होते, मग उतरले. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "मेली, कसं सगळं तंतोतंत घडायचं ना!"

सुमनची एक तुळस होती. नाशिकच्या मातीसकट आणलेली, डालडाच्या डब्यात, बाल्कनीत. त्या उन्हात ती जगवणं म्हणजे एक पोरच सांभाळणं होतं. भाषणानंतर पंधरवडा गेला असेल, लीलाबाई ड्यूटीवरून परतताना वर गेल्या. मी तिथेच होते. म्हणाल्या, "वैनीनू, तुळशीची एक काडी देशात काय? माझी सुकान गेली." दिवेलागण झाली होती. सुमन म्हणाली, "आत्ता नको हो, तिन्हीसांजेला तुळशीला हात लावत नाहीत." तेही खरंच होतं. लीलाबाईंना मोकळीक संध्याकाळीच, म्हणून चार दिवसांनी त्या पुन्हा संध्याकाळीच आल्या. पुन्हा तेच उत्तर. "बरा बरा, रवांदे," म्हणाल्या आणि नेहमीप्रमाणे रामरक्षा पुटपुटत जिना उतरल्या. दार लावल्यावर सुमन मला म्हणाली, "सकाळी मीच नेऊन देते असं म्हणायला हवं होतं गं. सुचलंच नाही." तिला रुखरुख लागली होती. मी म्हटलं, उद्या दे. त्याच आठवड्यात दोन दिवस धुळीचं वादळ झालं आणि तुळस करपली.

सातव्या महिन्यात सुमनचं बाळ पोटातच गेलं.

त्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. मुलगी होती. खांबेटे हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये भिंतीला कपाळ टेकून उभे होते आणि बोटाच्या पेराने भिंत ठोकत होते, सारखी, हळूहळू. मी त्यांचा हात धरून थांबवला.

घरी आल्यावर सुमन तीन दिवस पडूनच होती. चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या बायकांसमोर म्हणाली, "दोनदा आली होती. दोनदा नाही म्हटलं मी. पुटपुटत गेली. आधी तुळस गेली." बास, एवढंच. पुढचं कुणाला सांगावं लागलं नाही. सगळ्या जणी गणपतीत हॉलमध्ये होत्या. म्हातारी, दूध, पुटपुटणारी पाठ, वासरू. प्रत्येकीच्या डोक्यात साचा तयारच होता. आठवड्याभरात कुणाला आठवलं की लीलाबाईंनी ओवाळलेल्या मोहऱ्या नंतर जिन्यात सापडल्या, कुणाला आठवलं की आपल्या पोराला इंजेक्शननंतर दोन दिवस झोप आली नव्हती. मी यातल्या एकाही बाईला वाईट म्हणणार नाही. त्यांच्यातल्या तिघी पदवीधर होत्या.

मग बोरगावकरांनी अर्ज लिहिला, दवाखान्याच्या मालकाला. त्यात करणी नव्हती, भूत नव्हतं. इमारतीतल्या स्त्रियांना या व्यक्तीच्या काही पद्धतींमुळे असुरक्षित वाटतं, एवढंच, स्वच्छ इंग्रजीत. तोंडी मात्र कुणीतरी मालकाला 'सिह्र' हा शब्द सांगितला. जादूटोणा. त्या मुलखात हा शब्द हलका नाही, आणि दवाखाना पेशंटांवर चालतो. फ्लॅटमागे एक सही होती. आमच्या फ्लॅटची सही ह्यांनी केली. मी आत चहा करत होते, आणि दाराची चौकट ओलांडायला मला दोन पावलं पुरली असती. पहिली सही सुमनची होती. खांबेट्यांना कळलं ते सगळ्यांत शेवटी, शिफ्टवरून आल्यावर.

मी त्यांना चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त आपलं रजिस्टर काखेत मारलं आणि दारोदार जायला सुरुवात केली. दारावर दोन ठोके, पुढे आलेला कान. प्रत्येक बिऱ्हाडात बसून ते राहिलेलं भाषण करू लागले. "त्या साक्ष देणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. घरात दूध होतं आणि त्या नाही म्हणाल्या. म्हणून त्यांना शरम वाटली. शरम घरात ठेवून झोप लागत नाही. मग वासरू मेलं, आणि त्यांना सुटल्यासारखं झालं. आता अपराधी ती, मी नाही. त्यांनी आपली शरम उचलून तिच्या दारात नेऊन ठेवली. हे मला त्या दिवशी सांगायचं होतं. हे शेवटच्या रकान्यात होतं!"

लोक ऐकून घेत. चहा देत. बोरगावकर म्हणाले, "खांबेटे, आपण सुशिक्षित माणसं. भुताखेतावर कुणाचा विश्वास आहे? बायकामाणसं घाबरलीत, त्यांच्या मनाच्या शांतीसाठी आहे हे. आणि पहिली सही तुमच्याच घरातली आहे." दुसऱ्या एका घरात बाईंनी त्यांना आत बोलावून हळूच विचारलं, तुमच्या पुस्तकांत यावर उतारा दिलेला असेल ना? हे सांगायला ते आमच्याकडे आले तेव्हा सोफ्यावर बसून हसायला लागले, आणि हसता हसता रडले. एवढा मोठा माणूस असा रडताना बघून मीनल "मम्मी, व्हॉट हॅपन्ड टु अंकल?" म्हणत माझ्यामागे लपली.

त्यानंतर दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले ते मागणं घेऊनच.

"वहिनी, तुम्हाला कारण ठाऊक आहे. रिपोर्ट तुमच्या हातून गेलाय. शुक्रवारी सगळ्यांना मी घरी बोलावतो. तुम्ही फक्त एक वाक्य बोला. रक्त जुळत नव्हतं, म्हणून बाळ गेलं. मी बोललो तर भाषण होतं. तुम्ही बोललात तर ती लॅब असेल."

मी म्हटलं, पेशंटचा रिपोर्ट असा चारचौघांत सांगता येत नाही. नियम आहे. माझी नोकरी जाईल. हे सगळं खरं होतं.

"नवरा म्हणून मी परवानगी देतो."

"सुमनला विचारलंत?"

ते म्हणाले, "तिला मी रिपोर्ट वाचून दाखवला. म्हणाली, म्हणजे माझ्याच रक्ताने मारलं का तिला? त्यानंतर भिंतीकडे तोंड करून आहे. मी दारावर ठोकतो, वहिनी. आतून काही ऐकू येत नाही." मग पुन्हा म्हणाले, "एक वाक्य. लीलाबाईंची पोर शिकतेय."

मी नाही म्हटलं. दार लावताना ते जिन्यावरून खाली चाललेले दिसले, मान खाली, ओठ हलताहेत. बोरगावकरांसमोर काय बोलायचं त्याची मनाशी तयारी करत होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी संध्याकाळभर मी त्यांच्यावरच धुमसत राहिले. आपल्या बायकोला समजावता येत नाही आणि आमच्या नोकऱ्या पणाला लावायला निघालेत, असं ह्यांना तीनदा तरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मीनलला ताप भरला. एकशेचारच्या वर. तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवताना माझ्या मनात स्पष्ट शब्दांत आलं: काल तो पुटपुटत गेला.

मी, जी रोज सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची कारणं बघते. ज्यांच्या तोंडून हीच गोष्ट दहादा ऐकली, त्यांच्याचबद्दल. आणि ते मनात आल्याबरोबर मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं: बरं वाटलं. आदल्या दिवशी त्यांना दिलेला नकार एकदम हलका झाला. मग माझं मलाच भान आलं आणि मी पट्टीचं भांडं तसंच ठेवून मोरीत जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी मीनलच्या अंगावर पुरळ उठलं. गोवर होता. शाळेतल्या निम्म्या पोरांना होता.

तोवर मालकाने लीलाबाईंचा इकामा रद्द केला होता. तो वाईट माणूस नव्हता, पगार चुकता केला, तिकीट काढून दिलं. विमान दुपारचं होतं. इमारतीतून कुणी निघालं नाही. खांबेटे टॅक्सी घेऊन आले, मी अर्धी सुट्टी टाकून सरळ विमानतळावर गेले. लीलाबाईंनी मला पाहिलं आणि माझ्या पोरीचा ताप उतरला का ते विचारलं.

काउंटरशेजारी सामानाचा काटा होता, मोठी गोल तबकडी आणि सुई. त्यांची बॅग चढवली, उतरवली. खांबेटे त्या सुईकडे बघत राहिले होते. लीलाबाईंनी ते ओळखलं. त्या हॉलंडच्या गावाची गोष्ट त्यांनीही ऐकलेली होती. त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काट्यावर उभ्या राहिल्या. काउंटरवरचा माणूस "या हज्जा, या हज्जा" अशी अदबीने हाक मारत उठला. त्या म्हणाल्या, "खांबेट्यानु, बगा. किती भरलंय मी?"

खांबेट्यांनी वाकून सुई वाचली. "त्रेपन्न."

"मगे कागद द्या माझो."

त्या हसत होत्या. खांबेट्यांनी खिशातलं पेन काढलं, काउंटरवरचा कोरा टॅग घेतला आणि खरंच लिहायला लागले. पेन इतकं दाबलं की दोनदा टॅग फाटला. तिसऱ्यावर लिहिलं: लीला साळगावकर, वजन त्रेपन्न किलो, अंगकाठीप्रमाणे योग्य. खाली सही, आणि सवयीप्रमाणे सहीखाली 'इन्स्पेक्टर'. लीलाबाईंनी तो वाचला, चार घड्या घातल्या आणि पासपोर्टमध्ये ठेवला. मग त्यांचं हसणं थांबलं. "ह्यो आधी कोणी वाचल्यान असतो तर," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्या महिन्यात सुमनला तिचा भाऊ नाशिकला घेऊन गेला, हवापालटाला म्हणून. ती परत आली नाही. मंडळाने पुढच्या गणपतीचा कार्यक्रम छापला, त्यात खांबेट्यांचं नाव नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. कामावर जात, येत. जिन्यात भेटले तर हसत. काही ठोकून बघायचं मात्र त्यांनी सोडलं होतं. आमच्याकडे यायचंही.

एका शुक्रवारी सकाळी मीच वर गेले. बेल वाजवायला हात गेला, मग मी बोटाच्या पेराने दोनदा ठोकलं. त्यांनी दार उघडलं. बाल्कनीत डालडाचा रिकामा डबा तसाच होता. मी बसलेदेखील नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्या दिवशीचा नकार, मीनलचा ताप, मनात आलेलं वाक्य, आणि ते आल्यावर बरं वाटलेलं.

खांबेटे लक्ष देऊन ऐकत होते, कान पुढे करून. माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती वेळ टिकलं?"

"एखादं मिनिट."

"बरं," म्हणाले आणि कपाटातून रजिस्टर काढलं. मला वाटलं होतं ते दुखावतील, निदान सुस्कारा सोडतील. त्यांनी शांतपणे लिहिलेलं शेवटचं पान उघडलं आणि नवी ओळ घातली. जागा: हवल्ली. काय मागितलं: एक वाक्य. कुणी नाकारलं: लॅबमधल्या बाई, शिकलेल्या. नंतर काय घडलं: मुलीला ताप. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवून पेन पुढे केलं. "कारण तुम्ही लिहा. आजवर मला कुणी आपण होऊन सांगितलं नव्हतं."

मी पान वर सरकवलं. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत, गावामागून गाव, मला एकच शब्द दिसला: शरम. मीही तोच लिहिला. लिहून मान वर करताना माझ्या ओळीच्या अगदी वरची ओळ दिसली. जागा: हवल्ली. काय मागितलं: तुळशीची काडी. कुणी नाकारलं: सुमन. नंतर काय घडलं, त्या रकान्यात एका मुलीचं नाव होतं. ते त्यांनी ठरवून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या ओळीत कारणाच्या जागी 'शरम' नव्हतं. तिथे त्यांनी लिहिलं होतं: अर्धं भाषण. आणि सही केली होती.

खांबेट्यांनी माझी ओळ वाळावी म्हणून तिच्यावर हळूच फुंकर मारली, रजिस्टर मिटलं आणि मला दारापर्यंत पोचवायला आले. जिना उतरताना मी वळून पाहिलं. ते दार लावून घेत होते. दार लागलं, आणि आतून दारावर पेराचे दोन ठोके ऐकू आले, मग काहीच नाही. मी खालच्या पायरीवर उभी राहून ऐकत राहिले.